जॉन क्विन्सी ॲडम्स: पद गेल्यानंतर

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीत, पुतळ्यांचं एक दालन आहे. माणसं माना वर करून पुतळे बघतात आणि पायाखालच्या छोट्या चकतीवरून निघून जातात. एकेकाळी इथं प्रतिनिधिगृह, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, भरायचं. चकतीच्या जागी मेज होतं, जॉन क्विन्सी ॲडम्स यांचं.

अमेरिकेचे हे सहावे राष्ट्राध्यक्ष. दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. आठ वर्षांचेही नव्हते, तेव्हा आईबरोबर टेकडीवर उभं राहून त्यांनी स्वातंत्र्ययुद्धातली बंकर हिलची लढाई दुरून पाहिली. चौदाव्या वर्षी अमेरिकी दूताचे सचिव म्हणून ते रशियात गेले. पुढे परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांनी स्पेनकडून फ्लोरिडा मिळवला.

राष्ट्राध्यक्षपद मात्र त्यांना लाभलं नाही. १८२४ च्या निवडणुकीत इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची मतं, प्रतिस्पर्धी अँड्र्यू जॅक्सनना ९९, ॲडम्सना ८४. बहुमत कुणालाच नाही. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, तिथले सभापती हेन्री क्ले यांनी आपलं वजन ॲडम्सच्या पारड्यात टाकलं आणि ॲडम्स निवडून आले. ॲडम्सनी त्याच क्लेंना परराष्ट्रमंत्री केलं! सौदा असो वा नसो, दिसायला तो सौदाच दिसला. १८२८ मध्ये जॅक्सननी त्यांना घरी बसवलं.

पण ते घरी बसले नाहीत. १८३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. माजी राष्ट्राध्यक्ष, आता साधे सदस्य. असं त्यांच्याआधी कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही.

त्या काळी गुलामगिरीविरोधी अर्जांचा पाऊस पडत होता. १८३६ मध्ये सभागृहानं ठरवलं: असे अर्ज वाचायचे नाहीत, छापायचे नाहीत, सरळ बाजूला सारायचे. शुद्ध मुस्कटदाबी. ॲडम्सनी हा नियम मानलाच नाही.

१८३७ च्या फेब्रुवारीत त्यांनी भोळेपणाचा आव आणून सभापतींना विचारलं, माझ्याकडे बावीस गुलामांचा म्हणून एक अर्ज आलाय, तो या नियमात बसतो का? गुलामगिरी चालणाऱ्या दक्षिणेकडचे सदस्य खवळले. निषेधाचे ठराव आले, कुणी हकालपट्टीची भाषा केली. सगळ्यांना मनसोक्त ओरडू दिल्यावर ॲडम्सनी सांगितलं, अर्जात गुलामगिरी रद्द करू नका असंच लिहिलंय. म्हातारा बेरकी होता.

१८४१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. गुलाम म्हणून नेलं जात असताना ‘आमिस्ताद’ जहाज ताब्यात घेणाऱ्या आफ्रिकी बंदिवानांची बाजू मांडली आणि बंदिवान सुटले. मुस्कटदाबीचा नियम मोडायला मात्र १८४४ चा डिसेंबर उजाडला. आठ वर्षं!

२१ फेब्रुवारी १८४८. मेक्सिको युद्धातल्या सेनाधिकाऱ्यांच्या गौरवाचा ठराव मताला आला. हे युद्धच ॲडम्सना मान्य नव्हतं. ‘नाही’, ते मोठ्यानं म्हणाले. थोड्या वेळानं बोलायला उठू लागले आणि मेजाशीच कोसळले. त्यांना उचलून सभापतींच्या खोलीत नेलं. दोन दिवसांनी, त्याच इमारतीत, त्यांनी प्राण सोडला.