मंचावर गप्प बसलेला उमेदवार

(बेळगावातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या मंचावर दुसरा कुणी भडक बोलला तर गप्प बसलेला उमेदवार जबाबदार ठरतो का, हा आजचा विषय. सुरुवात मुंबईपासून करतो, कारण यावरचा निकाल तिथला आहे. 1987 च्या डिसेंबरात विलेपार्ल्यात पोटनिवडणूक झाली. डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारसभांत बाळासाहेब ठाकरेंनी धर्माच्या नावावर मतं मागितली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रभूंची निवड रद्द ठरवणारा निकाल कायम केला. ती भाषणं प्रभूंची नव्हती. पण ते त्या सभांना हजर होते, बोलणारा नेता त्यांच्याच पक्षाचा होता, म्हणून त्यांची संमती धरली गेली.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 123 वं कलम यासाठी नीट वाचायला हवं. धर्म, जात, भाषा यांवरून लोकांत वैर पेटवलं तर तो निवडणूक कायद्याच्या भाषेत भ्रष्टाचार. आणि तो उमेदवारानेच करायला हवा असं नाही. त्याच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने दुसऱ्या कुणी केला तरी निवडणूक जाते. सगळा खटला संमतीवर उभा राहतो. संमती लेखी कोण देतो? ती वागण्यावरून काढतात. हार कुणाचा घातला, मंचावर शेजारी कोण बसलं, बोलणारा घसरला तेव्हा तुम्ही माईक घेतला का पाण्याची बाटली उघडली, सगळं बघितलं जातं.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार कागदोपत्री अपक्ष असतो. 1996 ला बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे होते, आठवत असेल. मतपत्रिकेची पुस्तिका झाली होती. सीमाप्रश्न दिल्लीला ऐकू जावा म्हणून केलेली ती चळवळ होती, आणि त्याची दखलही घेतली गेली, अनामत रक्कम वाढवून! पण अपक्षाचा एक तोटा आहे. ज्याला स्वतःचं नोंदलेलं सभासदत्व नाही, शिस्तपालन समिती नाही, त्याच्या नावाने कुणीही भगवं उपरणं गळ्यात घालून बोलू शकतो. त्याला काढून टाकायला तो मुळात आत नसतोच. कोल्हापूरहून चार गाड्या येतात, तासभर गर्जना होतात, व्हिडिओ काढून संध्याकाळी त्या परत जातात. खटले मात्र येळ्ळूरच्या, अनगोळच्या पोरांवर पडतात.

2021 च्या डिसेंबरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बेंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली, पाठोपाठ अनगोळात कन्नडिगांचे वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. रायण्णांना इंग्रजांनी 1831 मध्ये नंदगडला फाशी दिली, समाधी तिथेच आहे, आपल्याच खानापूर तालुक्यात. अशा वेळी पुष्कळ पुढारी निषेध करतात तो कसा? ‘झालं ते वाईट, पण आधी तिकडे...’ माझ्या मते त्या ‘पण’ने निषेध संपतो. बेंगळुरातल्या घटनेचा निषेध करायला वेगळं पत्रक काढा, कुणी अडवलंय?

परदेशातलं एक उदाहरण सांगतो, कारण त्यात युक्तिवाद मोठा चलाख होता. 2007 मध्ये अमेरिकेत रॉन पॉल राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडत होते. डॉन ब्लॅक नावाच्या, गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणाऱ्या गृहस्थाने त्यांना 500 डॉलर देणगी दिली. परत करा, असा गलका झाला. प्रचारवाले म्हणाले, कशाला? त्याचे पैसे वाया गेले, त्याच्या कामाला तेवढेच कमी पडतील. ऐकायला बरं वाटतं की नाही? पण नंतर त्या गृहस्थाबरोबरचा पॉल यांचा फोटो बाहेर आला आणि चर्चा फोटोचीच झाली. पाचशे डॉलरची किंमत काय हो एवढ्या मोठ्या प्रचारात! तेवढ्यासाठी अब्रू पणाला लावली.

केरळमधलं उदाहरण मला जास्त उपयोगाचं वाटतं. 2024 च्या लोकसभेला एसडीपीआयने, म्हणजे बंदी घातलेल्या पीएफआयशी जोडल्या जाणाऱ्या पक्षाने, काँग्रेसच्या संयुक्त लोकशाही आघाडीला पाठिंबा जाहीर केला. काँग्रेसचे व्ही. डी. सतीशन यांनी पत्रकारांसमोर तो नाकारला: बहुसंख्याकांचा असो वा अल्पसंख्याकांचा, जातीयवाद आम्हाला नको, व्यक्ती म्हणून कुणी मत देत असेल तर तो त्याचा हक्क. विरोधक ‘नाटक’ म्हणाले, म्हणणारच. तरी रेघ कुठे ओढायची ते यातून कळतं. संघटनेला नकार द्यायचा, मतदाराला नाही. आपल्याकडे उलटं होतं. संघटनेला गुपचूप जवळ करतात आणि कन्नड बोलणाऱ्या मतदाराच्या दारात जायला लाजतात.

हे दुखणं फक्त मराठी बाजूचं नाही. 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. दगड मारणारे कन्नड संघटनेचे होते, राष्ट्रीय पक्षांचे नव्हते, पण बेळगाव ग्रामीणला मराठी मतांवर निवडून येऊ पाहणारे नेते अशा वेळी किती मोठ्याने बोलतात, ते तुम्हीच ऐकत आला आहात.

कुणी विचारेल, नको असलेल्याने आपल्या नावाचा फलक लावलाच तर? त्यालाही कायद्यात सोय आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं 171-एच कलम होतं, आता न्याय संहितेचं 176. शिक्षा नुसता दंड, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण तक्रार केल्याची पोच तुमच्याजवळ राहते, आणि उद्या संमतीचा प्रश्न आला तर तीच कामाला येते. फलक दिसला त्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला पत्र द्या, मराठीत आणि कन्नडमध्ये. त्याची प्रत दोन्ही भाषांच्या वर्तमानपत्रांना पाठवा, कन्नडला आधी, कारण फलकावरचा मजकूर त्यांच्याकडे तोवर पोचलेला असतो.