सॅराटोगाचा नाका

(सकाळ. धुक्यातला घाटरस्ता. कॅमेरा गाडीच्या काचेतून.)

सांताक्रूझच्या डोंगरातून हा रस्ता खाली येतो. दोन्ही अंगाला रेडवुडची झाडं. शेंडा दिसायला मान पार मागे टाकावी लागते. शेवटचं वळण सरलं की एकदम पेठ लागते. पेठ तरी केवढी? चहाचा कप हातात घेऊन निघालात तर तो संपायच्या आत पेठ संपते. गावकरी तिला ‘व्हिलेज’च म्हणतात.

हे कॅलिफोर्नियातलं सॅराटोगा. वस्ती साधारण ३१ हजार. कुपर्टिनो, म्हणजे अ‍ॅपलचं गाव, याच्या शिवेला शीव लावून आहे. निम्म्याहून अधिक कुटुंबांचं वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर आणि साध्याशा घरालाही तीस लाख डॉलर मोजावे लागतात. तरीही बऱ्याच गल्ल्यांना पदपथ नाहीत. ते पैसे नाहीत म्हणून राहिलेत असं कृपया समजू नका. ते ठरवून ठेवलेलं आहे. कसं, ते पुढे येईलच.

(जुन्या लाकूडगाड्यांची छायाचित्रं.)

गावाचा जन्मच टोलनाक्यावरचा. १८४७ च्या सुमारास विल्यम कँबेलनं इथल्या ओढ्यावर लाकूड कापायची गिरणी घातली. पाठोपाठ सोनं सापडलं, सॅन फ्रान्सिस्को बघता बघता फुगलं आणि रेडवुडच्या फळ्यांना सोन्याचे दिवस आले. १८५० मध्ये मार्टिन मकार्टीनं गिरणी भाड्यानं घेतली, डोंगरात गाडीरस्ता काढला आणि पायथ्याशी फाटक बसवलं. पैसे टाका, पुढे जा. वस्ती वाढली ती या फाटकाच्या आजूबाजूला, आणि तिचं पहिलं नावही ‘टोल गेट’च. पुढे मालकाच्या नावानं ती मकार्टीझव्हिल झाली.

सॅराटोगा हे नाव पाण्यानं दिलं. वरच्या अंगाला खनिज पाण्याचे झरे सापडले. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅराटोगा स्प्रिंग्सच्या पाण्याशी ते मिळतंजुळतं निघालं, तेव्हा १८६५ मध्ये नावही तिथलंच उचललं. झऱ्यांपाशी झोकदार हॉटेल उभं राहिलं, श्रीमंत मंडळी हवापालटाला येऊ लागली. १९०३ साली ते हॉटेल जळालं.

तोवर खालचं सगळं खोरं फळबागांनी भरलं होतं. आलुबुखार, जर्दाळू, चेरी. १९०० साली, लागोपाठच्या दुष्काळानंतर पाऊस बरसला म्हणून गावानं फुलांचा उत्सव भरवला. पुढे सॅन होजेहून विजेवर चालणारी ट्राम आली आणि वसंतात लोक डबे भरभरून नुसती फुललेली झाडं बघायला येऊ लागले. ट्राम १९३३ साली बंद पडली. आज या गावात प्रवासी रेल्वे येत नाही.

(डोंगरउतारावरचा मोठा बंगला. हिरवळ, पुतळे.)

आता जरा थांबू या. या डोंगरात दोन जागा आहेत, एकमेकींपासून गाडीनं काही मिनिटांच्या अंतरावर. मला विचाराल तर सॅराटोगा समजून घ्यायचं असेल तर पेठेत कॉफी पीत बसण्यापेक्षा या दोन जागा एका दिवसात पाहाव्यात.

पहिली, व्हिला माँटाल्व्हो. १९१२ साली हा बंगला बांधला जेम्स फेलननं. सॅन फ्रान्सिस्कोचा माजी महापौर, पुढे अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य. कलांचा शौकीन, लेखक-चित्रकारांचा यजमान. ज्या स्पॅनिश लेखकाच्या कादंबरीतून ‘कॅलिफोर्निया’ हे नाव आलं, त्याचं नाव बंगल्याला दिलेलं. माणूस रसिक, यात शंका नाही. आणि हाच माणूस १९२० च्या निवडणुकीत घोषणा घेऊन उतरला: ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा.’ रोख मुख्यतः जपान्यांवर होता, पण त्या वाऱ्यात हिंदुस्थानी माणसाचीही गय नव्हती. फेलन हरला. वारा मात्र हरला नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ ठरत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही.

(तळं, लाकडी पूल, कोई मासे.)

दुसरी जागा, हाकोने ही जपानी बाग. १९१५ मध्ये ऑलिव्हर आणि इझाबेल स्टाइन या दांपत्यानं डोंगराचा हा तुकडा घेतला. इझाबेल जपान बघून आलेली, तिथल्या बागांनी भारावलेली. तिनं नाओहारू आइहारा या जपानी माळ्याला बोलावलं, त्सुनेमात्सु शिंतानी या वास्तुकाराकडून घर बांधून घेतलं. उतारावर चढत जाणारी बाग, वर चंद्रदर्शनासाठी घर. आणि हे कधी? तर १९१३ च्या कायद्यानं जपानी माणसाला कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घेता येत नव्हती तेव्हा. बाग चालेल, माळी चालेल, सातबारा मात्र नावावर नको. १९४२ साली तर या किनाऱ्यावरचे जपानी वंशाचे लोक घरादारासकट उचलून छावण्यांत डांबले गेले. बाग जागेवर राहिली. १९६६ साली नगरपालिकेनं ती विकत घेतली.

(१९५० च्या दशकातले रस्ते, नवी घरं, बुलडोझर.)

युद्धानंतर बागांवर बुलडोझर फिरला. आपल्या भाषेत सांगायचं तर खोरंच्या खोरं एनए झालं. सॅन होजे शहर हातपाय पसरत निघालं, एकेक गाव गिळू लागलं. सॅराटोगानं १९५६ साली स्वतंत्र नगरपालिका करून घेतली आणि घोषणा ठरवली, ‘खेडंच राहू द्या.’ पदपथ नाहीत ते याच पायी. मग नियम आले. डोंगराकडच्या पट्ट्यात एका घराला किमान चाळीस हजार चौरस फूट जागा हवी. गुंठ्यांत हिशेब केला तर सदतीस गुंठे, म्हणजे जवळजवळ एकर. एका घराला! फाटक आता रस्त्यावर उरलं नाही, जमिनीच्या नकाशात शिरलं. पण एक कबूल करायला हवं. ही झाडी आज दिसते ती या हट्टामुळेच. खाली सॅन होजेकडे नजर टाकली की पटतं.

१९६५ साली अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा बदलला. शिकलेली माणसं आशियातून येऊ लागली, खोऱ्यात संगणकाची चिप आली, त्याची सिलिकॉन व्हॅली झाली, आणि ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’ म्हणणाऱ्याच्या गावात आज निम्म्याच्या आसपास वस्ती आशियाई वंशाची आहे. त्यांत पुण्या-मुंबईकडचेही आहेत. माँटाल्व्होच्या हिरवळीवर रविवारी साडीतली आई आणि टोपीतले बाबा दिसले तर आता कोणी वळून बघत नाही. फेलन तसा १९३० साली याच बंगल्यात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे बंगला कलांसाठी राहिला.

(पुन्हा घाटरस्ता. जळालेली, काळी खोडं.)

डोंगराचीही बाजू ऐकायला हवी. वरून सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे जमिनीच्या पोटातली मोठी चीर जाते. भूकंपाची कायमची टांगती तलवार. आणि आग. पेठेतल्या रस्त्याला ज्या बिग बेसिन उद्यानाचं नाव आहे, ते १९०२ पासून राखलेलं रेडवुडचं जंगल २०२० च्या ऑगस्टमध्ये जवळजवळ सगळं होरपळलं. ज्या झाडीसाठी घराला एवढी किंमत, तिच्याच पायी विमा मिळेना, अशी कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागांतली रड आहे.

(संध्याकाळ. उताराला लागलेली वाहनं.)

आता राज्य सरकारनं सांगितलंय, २०३१ पर्यंत १,७१२ नव्या घरांची सोय करा. गावात कुरबूर आहे. आणि कुरबूर करणाऱ्यांत बाहेरून आलेल्यांची मुलंबाळंही आहेत. साहजिक आहे, सदतीस गुंठे त्यांच्या आईवडिलांनीही तीस वर्षं हप्ते भरून घेतलेत. इथं शिकवणारे मास्तर, बागा राखणारे माळी मात्र संध्याकाळी गाडी काढून खाली खोऱ्यात जातात.

(वाचनालय. शेजारी झाडांच्या ओळी, फुलांनी पांढऱ्या.)

वाचनालयाला लागून चौदा एकरांच्या आसपास फळबाग आहे. नगरपालिकेनं राखलेली, जुन्या खोऱ्याची खूण. मार्चमध्ये जर्दाळू फुलतो. सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेले आजी-आजोबा सकाळी इथं फेरी मारतात. आजी म्हणतात, मोहोर काय आलाय! आजोबा म्हणतात, मोहोर आंब्याला, याला बहर म्हण. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाद, त्याच झाडाखाली.