पॉलिसीतलं शून्य

[दृश्य: दारव्हा-आर्णी रस्ता, रात्र. हेडलाइटच्या उजेडात दोन्ही बाजूंना उभी तूर.]

तूर शेंगेवर आली की या रस्त्यानं रात्री गाडी चालवणाऱ्याचं लक्ष समोरच्या डांबरापेक्षा शेताच्या बांधाकडं, धुऱ्याकडं जास्त असतं. धुऱ्यावरून रोही कधी उडी घेईल, सांगता येत नाही. पुस्तकात तिला नीलगाय म्हणतात, आमच्याकडं रोही. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर भरतो. साठच्या वेगातल्या गाडीवर तो आला, तर थेट काचेवर येतो.

म्हणून यवतमाळ जिल्ह्यात तुम्ही कुठल्याही आठवडी बाजाराला गेलात आणि एमएच २९ पासिंगच्या गाड्या पाहिल्यात, तर निम्म्यांच्या तोंडाशी लोखंडी गार्ड दिसेल. दोन इंची पाइप, वर काळा रंग, मधोमध देवाचं नाव. हौस असते कोणाकोणाला, पण बहुतेकांना ते भीतीनं बसवावं लागलंय. पांदण रस्त्यावर खालून चेंबर घासू नये म्हणून कोणी गाडी उंच करतो, मागं बियाण्याच्या बॅगा टाकायच्या म्हणून कोणी स्प्रिंगचे पाटे वाढवतो. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात लेकरांना घेऊन अकोल्याला जायचं, म्हणून कोणी काचांना काळी फिल्म लावतो. गरजेतून आलेले हे बदल आहेत, आणि म्हणूनच ते विमा कंपनीला सांगायचे असतात हे मालकाच्या डोक्यातही येत नाही.

माझ्या मामाच्याही आलं नव्हतं.

[दृश्य: घराच्या ओसरीत मामा. पाठीमागं कापसाची गंजी.]

मामाची बोलेरो. गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून गार्ड करून घेतलं, त्यावर दिव्यांची पट्टी, एलईडी बार लावला. तीन वर्षं काही झालं नाही. चौथ्या वर्षी, आर्णीहून परतताना, रोही आली. मामा वाचला. तो आजही म्हणतो, "गार्ड नसतं तं मी इथं बसलो नसतो बाप्पा." त्याचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. त्या रात्री गाडीत तो होता, मी नव्हतो.

पण गाडीचं काय झालं, ते गॅरेजमध्ये नीट पाहिलं. गार्ड थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बोल्टनं आवळलेलं होतं. कंपनीचा बंपर दबतो, चुरतो, धक्का स्वतः पितो. पाइप दबला नाही, त्यानं सगळा धक्का चेसिसच्या दोन्ही टोकांना पोचवला आणि ती टोकं वाकली. दुसरी गोष्ट बोनेटखाली होती.

[दृश्य: अगदी जवळून, मिस्त्रीची बोटं, वायरचा जोड.]

हा जोड बघा. एलईडी बारची वायर बॅटरीवरून थेट घेतलेली. मधे रिले नाही, फ्यूजही नाही. मूळ वायरचं कव्हर ब्लेडनं सोलून त्यावर नवी वायर पिळली, वर काळी टेप. चार उन्हाळ्यांत टेपचा डिंक वितळला, टेप सुटली आणि तांबं उघडं पडलं. धडकेत पत्रा त्या तांब्याला टेकला. अर्धं वायरिंग जळालं.

नुकसान तपासायला विमा कंपनीकडून सर्व्हेअर आले, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, फोटो काढले आणि मामाकडं पॉलिसी मागितली. पॉलिसीत एक तक्ता असतो. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ज्या तक्त्यात लिहिलेली असते तोच. त्यात गाडीच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने असतात: विजेवर चालणाऱ्या ॲक्सेसरीज, बिगर-विजेच्या ॲक्सेसरीज, आणि सीएनजी किंवा एलपीजी किट. मामाच्या पॉलिसीत तिन्ही रकान्यांत शून्य होतं.

सर्व्हेअरनं त्या शून्यावर बोट ठेवलं, मग गाडीकडं बोट केलं. काही बोलले नाहीत. वायरिंगचा दावा नामंजूर झाला. चेसिसच्या कामातही कपात झाली. उरलेले पैसे त्या वर्षीच्या कापसातून गेले.

मला राग आला होता. हप्ता घेताना कोणी गाडी बघायला आलं नाही, आता फोटो काढता? हा प्रश्न आजही मला रास्त वाटतो. आमच्याकडं पॉलिसी बहुधा ओळखीचा एजंट काढतो. "करून देतो ना भाऊ" म्हणतो, फॉर्म तोच भरतो, सही तेवढी आपली. पण कायद्याच्या नजरेत ती सही म्हणजे आपला शब्द असतो. विम्याचा करार परम सद्भावावर उभा आहे: गाडी कशी आहे हे मालकाला ठाऊक, कंपनीला नाही, म्हणून जोखमीवर फरक पाडणारी प्रत्येक गोष्ट मालकानं आपणहून सांगायची. कोणी विचारलं नाही, या उत्तरावर तिथं फार काळ टिकता येत नाही.

[दृश्य: आरसी बुक, जवळून.]

आणि नुसतं विमा कंपनीला सांगून भागत नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं, की आरसीत, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात, नोंदवलेला तपशील उत्पादकानं मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि गार्ड? डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा, म्हणून राज्यांना कळवलं होतं. म्हणजे मामानं गार्ड कंपनीला कळवलं असतं, तरी ते कायदेशीर झालं नसतं. काही बदल कळवायचे असतात, काही काढून टाकायचे असतात. हा फरक गावात कोणीतरी बसून समजावून सांगायला हवा होता.

कळवायच्या बदलांत सगळ्यात मोठा आहे गॅस किटचा.

[दृश्य: शाळा सुटली आहे. लेकरं व्हॅनमध्ये चढत आहेत.]

पेट्रोलच्या गाडीत बाहेरून सीएनजी किंवा एलपीजी किट बसवणं कायद्यानं चालतं, पण किट मान्यताप्राप्त हवं, आपल्या मॉडेलसाठी मंजूर हवं, अधिकृत ठिकाणी बसवलेलं हवं. मग आरसीत इंधनाची नोंद बदलून घ्यायची. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. आणि पॉलिसीत त्या शून्याच्या जागी किटची किंमत.

हे किती महाग पडतं? २००२ च्या अखिल भारतीय मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, किटच्या किमतीवर ४ टक्के, अधिक थर्ड पार्टीसाठी (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) ६० रुपये असा हिशेब होता. आजही बऱ्याच पॉलिसींत तोच दिसतो. ५०,००० चं किट असेल, तर वर्षाला २,०६० रुपये आणि त्यावर जीएसटी. बियाण्याच्या दोन-तीन बॅगांचे पैसे. एवढ्यासाठी लोक किट लपवतात आणि गाडी पेटली तर अख्खी गाडी गमावून बसतात. ऑनलाइन नूतनीकरण करताना "बाहेरून बसवलेलं गॅस किट आहे का?" असं विचारतात. मोबाइलवर घाईनं "नाही" दाबलं जातं. तो "नाही" कंपनीकडं जपून राहतो.

घरगुती लाल सिलिंडर जोडून चालणाऱ्या जुन्या व्हॅनबद्दल मात्र मी विम्याची भाषा वापरणार नाही. ती गाडी लेकरांसाठी रस्त्यावर असायलाच नको.

[दृश्य: जिल्हा परिषद शाळेचं आवार. कडुनिंबाखाली पांढरी अल्टो.]

आता ही गाडी बघा. हे गुरुजी लहानपणी पोलिओनं दोन्ही पायांनी अधू झाले. स्टिअरिंगच्या खाली एक स्टीलचा दांडा आहे, मुठीची जागा वापरून गुळगुळीत झालेली. पुढं ढकलला की ब्रेक, आपल्याकडं ओढला की ॲक्सिलरेटर. गुरुजींनी कॅमेऱ्यासमोर गाडी शाळेभोवती एक फेरी फिरवली आणि बरोबर त्याच सावलीत आणून लावली.

हाही बदलच. पण यांच्या आरसीवर अनुकूलित वाहन म्हणून नोंद आहे, आणि ती नोंद दाखवून त्यांनी विमा कंपनीकडून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची लेखी नोंद, घेतलं. याच मोटार टॅरिफमध्ये दिव्यांगांसाठी खास बदललेल्या गाडीला ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात ५० टक्के सवलत होती. गुरुजींनी ती मागून घेतली. पहिली दोन वर्षं त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

सांगितल्यानं हप्ता वाढतो, एवढंच गावात माहीत आहे. तो कमीही होतो, हे मी गुरुजींच्या ओसरीवर पहिल्यांदा ऐकलं.

[दृश्य: पुन्हा रस्ता, दिवस. सायकलवरचा शेतमजूर.]

एक गोष्ट राहिली, आणि मला तीच सगळ्यात जास्त घाबरवते. आपली गाडी मोडली तर नुकसान आपलं. पण आपल्या गाडीनं दुसऱ्याला लागलं तर? थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो त्याच माणसासाठी. विम्याच्या अटी मालकानं मोडल्या असतील, तर अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला सांगतं: जखमीला भरपाई आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा. हे न्याय्यच आहे, त्या सायकलवाल्याचा काय दोष? पण वसुली म्हटल्यावर चार एकरवाल्याकडं वसूल करण्याजोगं दुसरं काय असतं?

काम अवघड नाही. बदल करण्याआधी आरटीओत विचारायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्यायची. आरसीत नोंद झाली की विमा कंपनीला लेखी कळवायचं, एजंटला तोंडी नव्हे. पक्कं बिल जोडायचं. एंडोर्समेंटचा कागद हातात आला की त्या तक्त्यात आपल्या वस्तूपुढं आकडा आहे का, ते स्वतः वाचायचं. दावा फेटाळला, आणि कंपनीकडं तक्रार करूनही एक महिन्यात समाधान झालं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडं जाता येतं. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

[दृश्य: मामाचं घर. मामा चष्मा लावून पॉलिसी वाचतोय.]

यंदा मामानं नूतनीकरण करताना मला समोर बसवलं. गाडीत आता मागचा कॅमेरा आणि स्क्रीन आहे, रीतसर फ्यूज टाकून बसवलेला, बिलासकट. मामानं तक्त्यावर बोट फिरवत नेलं, विजेच्या ॲक्सेसरीजच्या रकान्यापाशी थांबला. "चौदा हजार," मोठ्यानं वाचलं. मग शेजारचा रकाना. "इथं शून्य. बरोबर आहे?"

बरोबर होतं. गार्ड गोठ्याच्या फाटकाला आडवं बांधलंय, वासरू त्याला मान घासत उभं होतं. आर्णीहून आता तो अंधार पडायच्या आत निघतो, आणि तुरीच्या पट्ट्यात चाळीसच्या वर जात नाही.