मेंढीच्या गळ्यातली दोरी

नमस्कार श्रोतेहो. जत तालुक्यातून सकाळची एसटी धरून मी आज सांगलीच्या स्टुडिओत आले आहे. या वेळेला तुमच्यातल्या बऱ्याच जणी गोठ्यात धारा काढत असतील. हात चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

विषय आहे माडग्याळ मेंढरांची, म्हणजे आपल्या जत भागातल्या जातीची, पैदास आणि प्रदर्शन. गव्हाण केवढी, पाणी किती, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस कधी, हे मी तुम्हाला सांगायला नको. ते तुम्ही करताच. मी बोलणार आहे ती एकाच गोष्टीवर, नोंदीवर. त्यातही मेलेल्या कोकराच्या नोंदीवर. जगलेलं कोकरू सगळेच मोजतात. मेलेलं कोणी मोजत नाही.

हे मला कुणी शिकवलं ते सांगते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे खंड्या नावाचा मेंढा होता. चार दाती, म्हणजे दोनेक वर्षांचा, वजन ८२ किलो, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, मान लांब, आणि नाक तर पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. बाजारातनं आणला तेव्हा मी नाकच बघितलं होतं. प्रदर्शन जाहीर झालं तसे आम्ही छोटा हत्ती भाड्यानं केला आणि आदल्या दिवशी दुपारीच जाऊन मांडवात खुंटा धरला.

मार्गशीर्षातली थंडी होती. आमचे चुलत सासरे, तात्या, बरोबर होते. त्यांचा खंड्यावर फार जीव. "उद्या काट्यावर चढायचंय, पोट भरलेलं दिसू दे," म्हणून त्यांनी संध्याकाळी चार किलो मका त्याच्यापुढं ओतला. मायेनंच ओतला. मी बघत होते, मीही अडवलं नाही.

रात्री दोनच्या सुमाराला दातावर दात घासल्याचा आवाज आला म्हणून उठले. खंड्या मान टाकून उभा होता. डावी कूस टणक, रवंथ बंद. तुम्हाला ठाऊक आहे, सवय नसताना धान्य जास्त झालं की पोटात आम्ल तयार होतं आणि जनावर सकाळपर्यंत हातातनं जातं. मला ठाऊक असून माझे हातपाय गळाले.

शेजारच्या खुंट्यावर एक धनगर आजी घोंगडी पांघरून झोपली होती. ती न बोलावता उठून आली. खंड्याच्या कुशीवर हात दाबला, कान लावला.

"रवंथ कवा केलं हुतं ह्यानं?"

"संध्याकाळपासनं नाही, आजी."

"भजीवाल्याला उठीव. खायचा सोडा आन. पाणी कोमट घे."

भजीच्या गाड्यावरचा पोरगा झोपेतनं उठला, त्यानं सोड्याचा अख्खा पुडा दिला, पैसेही घेतले नाहीत. आजीनं सोडा पाण्यात कालवून बाटलीत भरला आणि गालाच्या कोपऱ्यातनं घोटाघोटानं पाजला. घाई केली तर पाणी फुप्फुसात जातं, म्हणून प्रत्येक घोटाला ती थांबायची. मग म्हणाली, "आता ह्याला चालीव. बसू दिऊ नगंस."

मालक डॉक्टरांना आणायला गेले आणि आम्ही दोघी खंड्याला घेऊन मांडवाभोवती फिरत राहिलो. किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक. आजीच्या मागं तिची एक म्हातारी मेंढी आपसूक चालत होती, दावं नाही, काही नाही. तिच्या गळ्यात काळ्या लोकरीची दोरी होती आणि त्या दोरीला गाठी होत्या. मी विचारलं, दृष्टीसाठी बांधलीय का?

"न्हाय गं. ही हिची वही हाय."

चालता चालता तिनं सगळं सांगितलं. एक वेत, एक गाठ. जुळी झाली की दोन गाठी चिकटून. आणि मधे दोन ठिकाणी गाठीत लाल सूत ओवलेलं. ती कोकरं गेलेली. एक चीक न मिळाल्यानं, एक थंडीनं.

"मेल्याली कशाला ठेवली, आजी?"

"जितल्यालंच मोजलं तर मेंढी लबाड हुती, पोरी. सात वेतं दिसत्यात, पर हातात किती आली? मेल्यालं बी मोजाय पायजे." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या बकऱ्याची आय कोंची?"

"बाजारातनं आणलाय."

"मग तुला ह्याचं काय ठावं हाय?"

मला उत्तर देता आलं नाही.

पहाटे डॉक्टर आले, सलाईन लावलं, औषधं दिली. सोडा वेळेवर पाजला म्हणून बरं झालं असं ते म्हणाले. तुम्हीही घरात सोडा ठेवा, पण किती पाजायचा ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आणि डॉक्टरांना फोन केल्याशिवाय सोड्यावर भागवू नका.

खंड्या वाचला, रिंगणात मात्र गेला नाही. मी परीक्षकांना हात जोडून म्हटलं, निदान बघून तरी जा. पशुवैद्यक होते, वयस्कर. त्यांनी नाकाकडं बघितलंसुद्धा नाही. आधी दोन्ही अंडं हातानं चाचपली, सारखी आहेत का. मग खूर बघितले. मग खालचा ओठ ओढला. मेंढराला वर पुढचे दात नसतात, टणक हिरडी असते, आणि खालचे दात त्या हिरडीला नेमके टेकायला हवेत. खंड्याचे दात करंगळीभर मागं होते. "बाई, नाक सुंदर आहे, पण आखूड गवत हा चरणार कसा? आणि याच्या पोरी कशा चरणार?"

आजीच्या मेंढ्याला तिसरा नंबर मिळाला. माझ्या लेखी तो पहिला होता. प्रमाणपत्रावर नाव आलं तिच्या मुलाचं. आता, हे विषयाला सोडून आहे, पण बोलते. रात्री दोनला उठते बाई, चीक पाजते बाई, कोकरू पदरात घेऊन चुलीपाशी बसते बाई. सातबाऱ्यावर बायकांची नावं लागायला लागली, तशी या कागदांवरही लागली पाहिजेत. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी अर्जातच विचारावं, जनावर सांभाळतं कोण.

घरी आल्यावर मी वही केली. दोनशे पानी, साधी. मेंढी कधी दाखवली, कुठल्या मेंढ्याला, कधी व्याली, किती झाली, किती गेली, कशानं गेली. वर्षाच्या आत कळलं की खंड्याच्या सहा पाठींपैकी, म्हणजे न व्यालेल्या लेकींपैकी, तिघींचे दात मागं होते. त्या तिन्ही मी पैदाशीला ठेवल्या नाहीत. खंड्याही विकला. तात्या दोन दिवस जेवले नाहीत.

म्हणून पुन्हा सांगते, मेंढा घेताना आधी त्याची आई विचारा. नाक मागनं. २५ ते ३० मेंढ्यांना एक मेंढा धरला तर वर्षाची निम्मी रक्तरेषा त्या एकाच्या अंगातनं येते. आणि दोन वर्षांनी तो बदला, कारण तोवर त्याच्याच लेकी माजावर येतात.

२०२० साली आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली, ती बातमी तुम्ही ऐकली असेल. आपल्या भागाचं नाव झालं, आनंद आहे. पण त्या बातमीनंतर पोरं नुसतं नाक आणि वजन बघायला लागली. त्या मेंढ्याच्या आईला किती कोकरं झाली, हे मला तरी कुठं वाचायला मिळालं नाही.

अमेरिकेत अल्पाका नावाचं जनावर पाळतात, मूळचं पेरूच्या अँडीज डोंगरातलं, उंटाच्या कुळातलं, लोकरीसाठीचं. त्यांच्या प्रदर्शनात एक गट असतो, त्यात एकाच आईची दोन पिल्लं उभी करतात आणि त्या दोघांवरून आईला जोखतात. तसंच एका नराची तीन पिल्लं. मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडं खरसुंडीला, पुसेगावला, कराडला जिथं जिथं जनावरं येतात, तिथं असा एक गट ठेवावा. खर्च काहीच नाही.

जुळ्यांबद्दल विचारणा फार होते. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळं देणारं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. गरोळ अगदी लहान, पण एका वेताला दोन-तीन कोकरं. मोठं काम आहे ते. पण जुळी घ्यायची तर आधी कास बघा, दूध बघा. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दिवशी ३०० मिली तरी चीक पोटात जायला हवा, पहिला घोट तासाभरात. दोघांना पुरेल एवढा पान्हा नसेल, आणि उन्हाळ्यात शेवरी-सुबाभळीचा पाला नसेल, तर एकच कोकरू बरं.

त्या आजीकडनं मी पुढच्या वर्षी त्या म्हाताऱ्या मेंढीची एक पाठ घेतली. आजीनं तिच्या गळ्यात नवी दोरी बांधून दिली, एकही गाठ नसलेली. आता तीही थकली. तिच्या दोरीला आठ वेतांच्या गाठी आहेत, एकीत लाल सूत. यंदाच्या जुळ्यांत एक मेंढा आहे. आठव्या दिवशी त्याचा ओठ ओढून बघितला, दात बरोबर टेकतायत. येत्या प्रदर्शनाला त्याला घेऊन येणार आहे, आईसकट. मांडवात दिसले तर थांबा, दोरी हातात घेऊन बघा.

नमस्कार.