पैसे मुंबईत, दुखणं गावात

(चिपळूणमध्ये ए.एन.एम. आणि जी.एन.एम. या नर्सिंग अभ्यासक्रमांत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसमोर एका निवृत्त आरोग्य सहाय्यिकेने दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मुलींनो, आणि मागच्या रांगेतल्या मुलांनो, निकाल लागला, नोंदणी हातात आली की तुम्हाला एकच रस्ता दाखवला जातो: तालुक्याच्या गावातलं नर्सिंग होम. ‘शिकायला मिळेल’ म्हणतात. मिळतंही. पण दिवसा केस पेपर काढायला लावणारी, रात्री अख्ख्या वॉर्डवर एकटीला बसवणारी आणि वर मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. माझ्या भाचीला स्वतःची मार्कशीट सोडवायला वडिलांना घेऊन जावं लागलं. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत पिशवीत घाला.

मला बोलावलंय ते नर्सिंग होमबाहेरच्या वाटा सांगायला. सांगते. आधी तात्यांचं ऐका.

राजापूर तालुक्यात माझं आरोग्य उपकेंद्र होतं. सपाटीवर 5000 वस्तीला एक उपकेंद्र, डोंगराळ भागात 3000 ला. कागदावर आमचं सोपं. पण ती 3000 माणसं एका जागी राहतात थोडीच? एक वाडी खाडीला, एक सड्यावर, मध्ये उभी पायऱ्यांची पाखाडी. तिथल्याच एका वाडीतल्या तात्यांना जुना मधुमेह. चहात साखर बंद केली, असं छातीठोक सांगायचे. खरंच होतं ते. चहासोबत फणसाचे गरे तेवढे चालू होते! भातलावणीला अनवाणी उभे राहिले, अंगठ्यात काटा गेला आणि त्यांना कळलंच नाही. साखरेने पायाची जाणीवच गेलेली.

डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग सांगितलं. रोज म्हणजे त्यांच्या बायकोने, काकींनी, हाताला धरून पाखाडी उतरवायची, रिक्षा बोलवायची, तालुक्याला जाऊन रांगेत बसायचं. दहा मिनिटांच्या ड्रेसिंगला दिवस जायचा. साकवावर पाणी आलं की तेही बंद. मी फेरीला गेले की काकी म्हणायच्या, “बाय, तू रोज आलीस तर बरा होईल गो.” मी रोज कशी जाणार? लसीकरण, गरोदर बायका, रजिस्टरं, सगळं माझ्याच डोक्यावर.

गणपतीला मुलगे आले तोवर अंगठा काळा पडला होता. कोल्हापूरला नेऊन तो काढावा लागला. नालासोपाऱ्याला राहणारा थोरला ओटीवर बसून मला म्हणाला, “बाई, महिन्याला पैसे पाठवायला आम्ही तयार होतो. पाठवायचे कोणाला?”

या प्रश्नासाठी मी आज इथे उभी आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 82 हजारांनी घटली. सिंधुदुर्गाचीही घटली. कमावते हात गेले, तात्या आणि काकी राहिले. पैसे मुंबईत, दुखणं गावात, आणि या दोघांना जोडू शकेल अशी सिस्टर केस पेपर काढत बसलेली! केरळचा किनारा आपल्यासारखाच, फक्त तिथली मुलं आखातात. त्या राज्याने 2008 साली पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या दुखण्यात वेदना कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण आणलं. तिथे पंचायतीच्या पथकातली नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाते. आपल्याकडे हे काम तुम्ही दोघी-तिघी मिळून उभं करू शकता. जवळजवळच्या वाड्या धरा. जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, देखभाल, इन्सुलिन, बीपी, झोपून असलेल्यांच्या पाठीची निगा. डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय सुई उचलायची नाही. “एक सलाईन लाव गो” असा हट्ट होईल. ठाम नाही म्हणा. भेटीचे पैसे आधीच ठरवा. प्रत्येक भेट वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो मुंबईला पाठवा.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. बाकीच्या वाटा भरभर सांगते.

एन.एच.एम.ची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, कंत्राटी भरती: करार साधारण 11 महिन्यांचा, पण अनुभव उत्तम; जिल्हा परिषदेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या आर.बी.एस.के. पथकातही एक नर्स असते. नाईट ड्यूटी नको असेल त्यांनी हे बघा.

कारखाने: लोटे, महाड, रोहा. 500 हून जास्त कामगार असतील तिथे रुग्णवाहिका-कक्ष (अँब्युलन्स रूम, म्हणजे प्रथमोपचाराची खोली) ठेवावा लागतो. हा नियम 1948 च्या कारखाना कायद्यापासून आहे. त्या कक्षाला नर्स लागतेच. तिथे भाजणं आणि रसायन डोळ्यात जाणं यांची तयारी करून जा.

डायलिसिस केंद्रं आहेत, रक्तपेढ्या आहेत. जी.एन.एम. झालेल्यांनी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं तर समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची वाटही खुली होते. नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ती चुकली तर यातलं काहीच करता येणार नाही.

लांजा-राजापूरच्या मुलींनी जाण्याआधी आपल्या वाडीचं नाव आणि फोन नंबर मला लिहून द्या. सिस्टर शोधणारी तिथली घरं मला ठाऊक आहेत.