फर्नेसचा जोड तापतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फौंड्र्यांत इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी, सांभाळणाऱ्या मंडळींसाठी आजचं हे बोलणं. बिल वाढलं की संशय आधी मीटरवर जातो, मग भंगारावर. बसबारच्या, म्हणजे फर्नेसला करंट नेणाऱ्या जाड पट्ट्यांच्या, जोडांकडे सहसा कुणी बघत नाही.

आधी हिशोब. 100 बाय 10 मिलिमीटरची तांब्याची पट्टी घ्या. 20 अंशांना तिच्या एका मीटरचा रोध साधारण 17 मायक्रोओहम. त्यातून 3000 अँपिअर गेले की मीटरमागे 155 वॅटची उष्णता. करंट दुप्पट झाला की ही वाया जाणारी उष्णता चौपट. पट्टी 80 अंशांवर गेली की रोध जवळजवळ पावपट वाढतो. हे झालं डीसीचं, एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचं गणित. फर्नेसचा करंट मात्र एसी, सतत दिशा बदलणारा. 1000 हर्ट्झला तो तांब्याच्या वरच्या सालीतूनच, जेमतेम 2 मिलिमीटर खोलीतून वाहतो. म्हणून पट्टी जाड घेण्यात अर्थ नाही, रुंद घ्या. जाणारी आणि येणारी पट्टी मध्ये इन्सुलेशन ठेवून शेजारी-शेजारी बसवा. जवळचे साधे लोखंडी बोल्ट, अँगलही तापतात. तिथे पितळ किंवा 304 स्टेनलेस वापरा.

आता जोड. चांगला जोड 5 मायक्रोओहमच्या आसपास, बिघडलेला 50. त्याच 3000 अँपिअरला एक 45 वॅट खातो, दुसरा 450. फर्नेस दिवसाला 20 तास चालली तर एका जोडापायी रोज 8 युनिटं जास्त! जोड तापतो, पृष्ठभाग काळा पडतो, रोध वाढतो, जोड आणखी तापतो. अशा काळ्या जोडाचा बोल्ट नुसता आवळून काही साधत नाही. आधी सप्लाय बंद करून लॉक लावा आणि कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची, म्हणजे त्यात साठलेली वीज उतरल्याची, खात्री करा. ही पायरी कुणीही गाळू नये. मग जोड उघडा, दोन्ही तोंडं एमरीने घासून सपाट करा, पुसा, आणि टॉर्क पान्याने मेकरने दिलेल्या आकड्यावरच आवळा. अॅल्युमिनियमची पट्टी असेल तर जादा आवळल्यावर ती दबते आणि थंड झाल्यावर बोल्ट सैल पडतो. तिथे स्प्रिंगसारखा बेलव्हिल वॉशर हवाच.

जोड तपासायला त्यातून 100 अँपिअर डीसी सोडून मिलिव्होल्ट मोजा. 1 मिलिव्होल्ट म्हणजे 10 मायक्रोओहम. तापमानाची गन चकचकीत तांब्यावर धरू नका, आकडा खूप कमी दाखवते. बंद असताना काळी टेप चिकटवून ठेवा आणि चालू झाल्यावर तिच्यावर नेम धरा.

पाण्याने थंड होणाऱ्या दोन केबल समांतर असतील तर दोन्हींच्या परतीच्या पाण्याचं तापमान रोज लिहा. पाण्याचा प्रवाह सारखा असूनही एक जास्त तापत असेल तर घाईने तीच बदलू नका. बऱ्याचदा थंड राहिलेल्या केबलच्याच आतल्या तारा तुटलेल्या असतात आणि तिचा करंट दुसरी वाहत असते. बोअरच्या जड पाण्याचा क्षार होजमध्ये साचला असेल, तर मात्र तापणारीच दोषी.