तबकडी घेण्याआधी सुई बघा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली, भिंतींची ओल उतरली, की गाण्याच्या जुन्या तबकड्यांच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, दुकानात जायचे दिवस आले असं समजावं. पावसाळ्यात बेळगाव-खानापूरच्या दमट हवेत पुठ्ठ्याची पाकिटं मऊ पडतात, आत बुरशी धरते, आणि ढगाळ उजेडात तबकडीवरचा चरा डोळ्यांना दिसत नाही. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन या कामाला उत्तम. बरोबर एक मऊ सुती फडकं, मऊ केसांचा ब्रश आणि तबकडीपेक्षा थोडे मोठे असे पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या.

पण निघण्याआधी घरात एक गोष्ट तपासायची आहे. आपल्या यंत्राला सुई कोणती आहे? हे ठाऊक नसताना केलेली खरेदी बहुतेक वेळा वाया जाते.

दुकानाच्या फळीवर दोन जातींच्या तबकड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. जड, हाताला गार लागणारी, अजिबात न लवणारी ती लाखेची. मिनिटाला 78 फेरे, बहुतेक 10 इंची, आणि एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं. हलकी आणि किंचित लवचीक ती व्हिनाइलची. त्यात 12 इंची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, 33⅓ फेऱ्यांची, आणि ईपी, म्हणजे 7 इंची लहान तबकडी, बहुतेक 45 फेऱ्यांची. लवते का हे बघायला तबकडी वाकवू मात्र नका. लाखेची निघाली तर हातातच तुकडे होतील.

लाखेच्या तबकडीची खाच, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती बारीक रेघ, रुंद असते. तिला सुमारे 75 मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एलपीची खाच बारीक, तिला 18 ते 25 मायक्रॉनची. एलपीची सुई लाखेच्या खाचेत घातली, तर ती तळाशी जाऊन वर्षानुवर्षांच्या धुळीत रखडते, आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. दुकानदार म्हणतो तबकडी चांगली आहे, गिऱ्हाईक म्हणतो खराब आहे, आणि दोष असतो सुईचा. उलट बाजूचं नुकसान कायमचं आहे. चावीच्या फोनोचं, म्हणजे चावी देऊन चालणाऱ्या जुन्या ग्रामोफोनचं, डोकं शंभर ग्रॅमहून जास्त भाराने तबकडीवर टेकतं. एलपीला दोन ग्रॅमचा भार पुरतो, जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) चार-पाच ग्रॅम. फोनोची पोलादी पिन, म्हणजे त्याची सुई, एलपीवर एकदा फिरली, की ती एलपी संपली. पुष्कळ जुन्या विजेच्या प्लेअरांत दोन्ही सुया एकाच दांड्यावर असतात आणि बारीक खटका फिरवून बदलता येतात. तबकडी लावण्याआधी "काका, खटका कुठल्या बाजूला आहे?" एवढं विचारा. चांगला दुकानदार या प्रश्नानं खूश होतो.

चावीचा फोनो असेल तर पोलादी पिन एका बाजूला एकच. तबकडी उलटली की नवी पिन. ही कंजुषी करण्याची जागा नव्हे. लाखेत मुद्दाम दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते. ती पहिल्या काही फेऱ्यांत पिनचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते, म्हणजे पिन झिजावी अशीच ती रचना आहे. झिजलेल्या पिनला धारदार कडा येतात, आणि तीच पिन पुढच्या तबकडीवर ठेवली की त्या कडा खाचेच्या भिंती तासतात. अशा तबकडीची चमक जाऊन ती राखाडी दिसते. तो राखाडीपणा धुऊन जात नाही, आणि जिथे गायकाचा आवाज चढतो तिथेच ती फाटक्यासारखी वाजते.

आता तबकडी हातात घ्या. कडा आणि मधलं लेबल, बोटं फक्त तिथेच. उन्हात तिरपी धरा. खाचेच्या दिशेने गेलेली बारीक रेघ फारशी त्रास देत नाही. खाचा कापत आडवा गेलेला चरा नखाला लागला तर सुई तिथे उडी मारेल किंवा अडकून बसेल. मधल्या भोकाभोवती लेबलावर केसासारख्या चमकत्या रेघा असतील, तर तबकडी पुष्कळ वेळा चढवली-उतरवली गेली आहे. मागच्या मालकाचा हा खरा हिशेब, पाकीट कितीही कोरं असो. लाखेच्या तबकडीला आणखी एक परीक्षा द्यावी लागते: भोकात बारीक काडी घालून ती लोंबती धरा आणि कडेला नखाने हलकेच टिचकी मारा. अखंड असेल तर खणखणीत वाजते, केसाएवढी चीर असेल तर बद्द. चिरलेली तबकडी वाजते खरी, पण प्रत्येक फेऱ्याला टक्. सेकंदाला एकाहून जास्त वेळा.

मग काचेच्या सपाट पेटीवर ठेवून वाक बघा. एलपी उन्हाने वाकते. उन्हाळ्यात चिकोडी-अथणीकडे जाताना बंद गाडीच्या मागच्या काचेखाली तासभर ठेवलेली एलपी ताटासारखी होते. ती घरी सरळ करण्याचे उपाय सांगणारे खूप भेटतील. खाच न बिघडवता ते क्वचितच जमतं, म्हणून वाकलेली घेऊच नये हे बरं.

या भागातल्या दुकानांत मराठी आणि कानडी पेट्या वेगळ्या लावलेल्या असतील, तरी दोन्ही चाळा. जुन्या लेबलांवर कानडीला 'कॅनरीज' असं इंग्रजी नाव छापलेलं असतं, आणि आपले गायक दोन्हीकडे आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेली कानडी वचनं, म्हणजे शिवशरणांच्या भक्तिरचना, आहेत, तसं मराठीही आहे. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर नाव 'गांधारी हुबळी' असं आहे, आणि आवाजही नंतरच्या भरदार गंगूबाईंचा नाही, बारीक आणि उंच आहे. ठाऊक नसलेला माणूस ती तबकडी बाजूला सारतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी लहानपणी गायलेलं गाणंही लाखेवर आहे. ही नावं लेबलावर इंग्रजी अक्षरांत आणि वेगवेगळ्या वर्णलेखनात मिळतात, म्हणून ओळ सावकाश वाचा. एलपीवर क्रमांकाआधी 'ईसीएलपी' असेल तर ती मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), 'ईसीएसडी' असेल तर स्टीरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा).

1925 च्या आसपास विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधीच्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांच्या असतीलच असं नाही. गायकाचा सूर अनैसर्गिक चढा वाटला तर वेग थोडा कमी करून बघा.

घरी आणल्यावर लगेच लावू नका, आधी धुवा. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, याहून जास्त नको, साबण खाचेत वाळतो. कोरडा ब्रश फिरवून धूळ काढा, मग भिजलेलं मऊ फडकं खाचेच्या दिशेने गोल फिरवा. लेबल कोरडंच राहू द्या. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसा आणि सावलीत उभी करून वाळवा. एलपीवर बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर चार भाग पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोल किंवा स्पिरिटचा थेंबही लागू देऊ नका. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार चपडा लाख कशात विरघळवतो ते आठवा: स्पिरिटमध्ये. तबकडीही त्याच लाखेची आहे.

वाळलेली तबकडी जुन्या प्लास्टिकच्या पाकिटात परत घालू नका. ते प्लास्टिक उन्हाळ्यात घाम सोडतं आणि एलपीवर दुधाळ डाग पाडतं. साधं कागदी पाकीट घ्या, आणि तबकड्या उभ्याच ठेवा. लाखेची एक तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची, आडव्या चळतीत खालच्या तडकतात. बसने नेत असाल तर पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून मांडीवर उभी धरा. वरच्या फळीवर ठेवू नका.